हौस, सेवा की वेठ?



१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली हा दिवस ठरवला आणि आता तो आपल्या तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला आहे. सभागृहात सतरंज्या पसरल्या जातात, शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतात, वक्ते ‘वटवृक्षाची सावली’ आणि ‘अनुभवाची शिदोरी’ यांवर बोलतात. सत्काराला बहुधा निवृत्त शिक्षक, निवृत्त अधिकारी, माजी सरपंच असतात. कार्यक्रम संपला की सतरंज्या झटकायला, कप विसळायला, उरलेला चिवडा पुड्यांत बांधायला ज्या बायका पुढं होतात, त्यांतल्या निम्म्या तरी साठीच्या पुढच्या असतात. त्याही ज्येष्ठ नागरिकच आहेत. पण त्यांची नावं व्यासपीठावरच्या यादीत सापडत नाहीत. हा अंक वृद्धत्वावर आहे, म्हणून सुरुवात या बायकांपासून करते.

मी काम करते ते रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत. इथली म्हातारी होत चाललेली गावं समजून घ्यायला जनगणनेचे आकडे पुरेसे बोलके आहेत. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गात ८,६८,८२५ होती, ती ८,४९,६५१ वर आली. सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना या दोन जिल्ह्यांतली लाखभर माणसं कमी झाली. २०२१ ची जनगणना लांबली, त्यामुळं पुढचा हिशेब कागदावर आलेला नाही, पण वाडीत फिरणाऱ्या कुणालाही तो बंद घरांच्या कुलपांवरून मोजता येतो.

दुसरा आकडा जास्त प्रसिद्ध आहे. २०११ साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागं ११२२ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०३६. भाषणांतून हा आकडा कोकणातल्या स्त्रीसन्मानाचा पुरावा म्हणून सांगितला जातो. पण त्याच जनगणनेत या दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांखालच्या मुली मुलांपेक्षा कमीच होत्या. म्हणजे हा आकडा मुलींच्या कौतुकाचा नाही, पुरुष गावात नसण्याचा आहे. दीडशे वर्षं कोकणातला पुरुष मुंबईला जातो आहे, आधी गोदीत आणि गिरणीत, मग पोलिसांत, बेस्टमध्ये, हॉटेलांत, आता सुरक्षारक्षक म्हणून किंवा घरोघर पार्सल पोचवायला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण मुंबईची वाट गेली नाही. फरक एवढाच, की पूर्वी बायको-मुलं गावी राहायची आणि मनीऑर्डर यायची. आता तरुण जोडपी मुलांच्या शिक्षणासाठी विरार, नालासोपारा, डोंबिवलीला बिऱ्हाड करतात. मागं राहते ती सासू. बहुतेक ठिकाणी विधवा, कारण देशभरातच साठीपुढच्या बायकांतल्या साधारण निम्म्या विधवा आहेत.

मग अशा वाडीत गाव चालवतं कोण?

एका वाडीचंच उदाहरण देते. घरं सव्वीस, त्यातली उघडी अकरा. त्या अकरांत राहणाऱ्या बायकांमधली सर्वांत धाकटी अठ्ठावन्न वर्षांची. बंद घरांपैकी सात घरांच्या किल्ल्या एका काकींच्या फडताळात आहेत. त्यांचं वय बहात्तर. दर पंधरा दिवसांनी त्या एकेक घर उघडतात, केर काढतात, वाळवी बघतात, पावसाळ्यात कौल सरकलं असेल तर मुंबईला फोन करतात. गणपतीच्या आधी आठ दिवस ही सातही घरं झाडून-सारवून तयार असतात, कारण चाकरमानी रात्रीच्या गाडीनं उतरणार आणि सकाळी गणपती आणणार. दुसऱ्या एक आत्या वाडीतल्या सगळ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला आरोग्य केंद्रातून आणतात; वाचता येत नाही, म्हणून गोळ्यांच्या पाकिटांना वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधतात. शाळेत जाणारी चार मुलं उरली आहेत, त्यांना बिबट्याच्या भीतीनं रान ओलांडून सोडायला रोज एक म्हातारी पाळीनं जाते. पाऊस ओसरला की वहाळावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घालायचा, तोही याच घालतात. बचत गटाचा हिशेब, देवळाची झाडलोट, एकादशीचं भजन, आजाऱ्याची उशापायथ्याची बसणी, आणि रात्री कुणी गेलं तर मुंबईची माणसं पोचेपर्यंत प्रेताजवळ जागणं, हे सगळं त्यांच्याकडे आहे.

या कामाला आपण काय म्हणतो? शेजारधर्म म्हणतो, सेवा म्हणतो. मंडळाचे लोक कौतुकानं ‘आमच्या म्हाताऱ्यांना भारी हौस’ असं म्हणतात. आणि पाठीमागं, ‘घरी बसून करायचंय काय त्यांना? रिकाम्याच तर आहेत.’

हा ‘रिकामी’ शब्द आपल्या ओळखीचा आहे. तरुण बाई दिवसभर राबते आणि ‘काही करत नाही, घरीच असते’ अशी तिची नोंद होते, यावर आपल्या चळवळीनं किती लिहिलं, किती बोललं! शेवटी सरकारलाही मोजदाद करावी लागली. २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार घरातली बिनमोबदल्याची कामं करणारी बाई त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देते, आणि अशी कामं करणारा पुरुष ८८ मिनिटं. पण घराबाहेरच्या, गावासाठीच्या कामाचं काय? बाई साठीची झाली की ‘सुटली बिचारी’ असं म्हणतात. खरं तर तिच्या घरचं काम तसंच राहतं आणि सुनेच्या, जावेच्या, शेजारणीच्या, म्हणजे गावात नसलेल्या सगळ्या बायकांच्या वाटणीचं काम तिच्याकडे येतं. गेलेल्या पुरुषांचंही येतं. फक्त त्यांचा अधिकार येत नाही.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात ‘स्वयंसेवक’ या शब्दाची व्याख्या शिकवतात: जो स्वेच्छेनं, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता समाजासाठी वेळ देतो तो. व्याख्येतला कळीचा शब्द ‘स्वेच्छेनं’ हा आहे. स्वेच्छा म्हणजे नाही म्हणण्याची मोकळीक. वाडीतल्या या बायकांना ती आहे का? मी अनेकींना विचारलं, “एखाद्या दिवशी नाही गेलात तर?” उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, “मग जाणार कोण गो?” या उत्तरात माया आहे, हे खरं. पण दुसरं कुणी नाही म्हणून जी करावीच लागते तिला आपल्या भाषेत जुना शब्द आहे, वेठ. पूर्वी खोतासाठी वेठ करावी लागे. आता समोर खोत नाही, रिकामं पडलेलं गाव आहे, एवढंच.

पण इथं घाई करून चालणार नाही. या बायकांना आपण नुसत्या राबवलेल्या, बिचाऱ्या ठरवलं तर तोही त्यांच्यावर अन्यायच होईल. ज्या बाईनं चाळीस वर्षं सासू-नवऱ्याच्या परवानगीशिवाय उंबरा ओलांडला नाही, ती पासष्टाव्या वर्षी बचत गटाची सचिव म्हणून बँकेत जाते, साहेबासमोर खुर्ची ओढून बसते. ज्या विधवेला कुणी मोजत नव्हतं, तिच्याकडे सात घरांच्या किल्ल्या असतात. किल्ल्या सांभाळणाऱ्या काकी मला म्हणाल्या, “मुंबईला ल्योकाकडे मी पाहुणी. हितं मी माणूस.” सामाजिक कामानं म्हातारपणाला आधार मिळतो, एकटेपण कमी होतं, पाय चालते राहतात. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ ला ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली, तिथं साठी-सत्तरीच्या, नव्वदीतल्याही बायका पाटी-दप्तर घेऊन जाऊ लागल्या. अंगठ्याच्या जागी सही करताना त्यांना वाटलेला आनंद कुणी शिकवून येत नाही. तेव्हा म्हाताऱ्यांनी घरी बसावं, जपमाळ ओढावी, असं आपल्याला म्हणायचं नाही. म्हणायचं आहे ते हे, की काम आनंदाचं असलं तरी ते काम असतं, आणि सेवा सेवाच राहावी, तिची वेठ होऊ नये, यासाठी काही अटी लागतात. मला तीन दिसतात.

पहिली अट: खर्च तिच्या पदरचा नसावा. गोळ्या आणायला जाण्याचं भाडं, मुंबईला केलेले फोन, भजनानंतरचा चहा, अंत्यविधीच्या रात्रीचा कंदील-काडेपेटी, हे सगळं आज कुठून येतं? एस.टी.त ७५ वर्षांपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे. चांगलंच झालं. पण वाडीपासून फाट्यापर्यंत एस.टी. येत नाही, तिथं रिक्षाला सवलत नाही. आणि तिचं उत्पन्न किती? केंद्राचं वृद्धापकाळ निवृत्तिवेतन ८० वर्षांखालच्यांना महिना २०० रुपये. हा आकडा २००६ साली ठरला आणि तिथंच थांबला. राज्याच्या श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ साली १,५०० रुपये झाली, पण उत्पन्नाची मर्यादा तेव्हाही वर्षाला २१,००० रुपयेच राहिली. म्हणजे ज्या बाईचं उत्पन्न महिना अठराशे आहे ती श्रीमंत! २०२४ साली आलेल्या ‘लाडकी बहीण’ योजनेत वयाची वरची मर्यादा ६५ आहे. त्यापुढं ती बहीण नाही. नवरा मुंबईला नोकरीत होता, त्याला निवृत्तिवेतन बसलं. ती तीस वर्षं भात लावत होती, त्या नोकरीला निवृत्तीही नाही आणि वेतनही नाही.

दुसरी अट: निर्णयात जागा. कोकणात बहुतेक वाड्यांची दोन मंडळं असतात, एक मुंबई मंडळ आणि एक ग्रामीण मंडळ. पैसा मुंबईचा, म्हणून शब्दही मुंबईचा. परळ-लालबागच्या एखाद्या खोलीत किंवा आता मोबाइलवरच्या गटात बैठक होते आणि देवळाला सभामंडप बांधायचं ठरतं. एका वाडीत बायकांनी कळवलं होतं की विहिरीकडे उतरणाऱ्या पाखाडीच्या पायऱ्या निसटल्या आहेत, त्या बांधा आणि बाजूला धरायला लोखंडी पाइप लावा. सभामंडपाला फरशी बसली. पाखाडी तशीच राहिली. पुढच्या पावसात त्याच पायरीवरून एक सत्तरीच्या बाई पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. सभामंडप झाडायला आता त्या येत नाहीत, एवढी नोंद मंडळानं घेतली. मुंबईहून निवृत्त होऊन परतलेले पुरुष या वाड्यांत आहेत, त्यांतले काही मनापासून कामही करतात. अर्ज लिहून देणारे, तहसील कचेरीत खेटे घालणारे मी पाहिले आहेत. पण परतलेला पुरुष अध्यक्षाच्या खुर्चीवर परततो आणि कधीच न गेलेली बाई झाडूवर राहते, हेही तितकंच खरं आहे.

विधवांच्या बाबतीत तर ही गोष्ट बोचते. हळदीकुंकवाचे लाडू ती वळते, अंगण ती सारवते, वाण ती बांधते आणि कार्यक्रम सुरू झाला की ती मागच्या पडवीत जाऊन बसते. तिचं काम चालतं, तिचं कपाळ चालत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन केलं. ज्या वाड्यांत निम्मं गाव विधवांच्या खांद्यावर आहे, तिथं तर हा ठराव सगळ्यांत आधी व्हायला हवा.

तिसरी अट: कामाला सीमा आणि पाठीशी कुणीतरी. इथं केरळचं उदाहरण घेण्यासारखं आहे. १९९३ साली कोझिकोडला वेदनाशमनाचं काम सुरू झालं, आणि पुढं मलप्पुरम जिल्ह्यात गावोगाव शेजारपाजाऱ्यांचं जाळं उभं राहिलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे जाणारे हे स्वयंसेवक साधे शेजारी असतात. पण त्यांच्याकडून मागितले जातात ते आठवड्यातले निदान दोन तास. त्याआधी प्रशिक्षण दिलं जातं. आणि त्यांच्याबरोबर नर्स असते. २००८ साली राज्यानं याचं धोरण केलं, तेव्हापासून पंचायतीही त्यात पैसा घालतात. सेवा गावाची, पण भार एकट्या बाईवर नाही. आपल्याकडे काकींना कुणी दोन तास मागत नाही, सगळा जन्मच धरून चालतात.

सरकारलाही या गृहीत धरण्याची सवय जुनी आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी चालवणाऱ्या बाईला ‘सेविका’ म्हटलं, तिच्या पगाराला ‘मानधन’ म्हटलं आणि तिला नोकर न मानता ‘मानसेवी’ ठरवलं. शब्द मानाचे, हिशेब कमी देण्याचा. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, तोवर सेहेचाळीस वर्षं उलटली आणि कित्येकजणी रिकाम्या हातानं घरी गेल्या. जलजीवन मिशनमध्ये गावागावातल्या पाच बायकांनी पाण्याची तपासणी करावी असं ठरलं. चांगली कल्पना. पण अशा प्रत्येक योजनेच्या कागदावर ‘स्थानिक महिलांचा सहभाग’ असं लिहिलेलं असतं आणि आमच्या वाड्यांत त्याचा अर्थ होतो, त्याच पाच म्हाताऱ्या.

मग करायचं काय? मोठ्या मागण्या आहेतच: वयाशिवाय दुसरी अट नसलेलं आणि महागाईबरोबर वाढणारं निवृत्तिवेतन, वाडीपर्यंत येणारी आरोग्यसेवा, अंगठा उमटत नाही म्हणून बँकेतून परत न पाठवण्याची सक्त सूचना. त्यासाठी मोर्चे काढू, निवेदनं देऊ. पण काही गोष्टी गावात, पुढच्या तीन महिन्यांत करता येतील.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती होते. या वेळी तिथं एकच विषय ठेवूया: गावासाठी बिनमोबदल्याचं काय काय काम चालतं, ते कोण करतं, त्याला खर्च किती येतो. फळ्यावर मांडूया. आमच्या एका वाडीत अशी यादी केली तेव्हा बायका स्वतःच थक्क झाल्या. एकोणतीस कामं निघाली. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला-बालकल्याणावर खर्च व्हायला हवा. शिलाई यंत्रं आणि स्वयंपाकाची भांडी वाटून तो संपवला जातो. त्यातून गोळ्या आणण्याचं रिक्षाभाडं, एक फोन, दोन बॅटऱ्या, पाखाडीचा लोखंडी पाइप का होऊ नये?

मुंबई मंडळांशीही बोलायला हवं, भांडण म्हणून नव्हे, हिशेब म्हणून. देवळातल्या दिव्याची पाळी असते, पालखीच्या खांद्याची पाळी असते. तशी गावाची पाळी का नसावी? प्रत्येक बंद घरानं वर्षातले आठ दिवस गावाला द्यावेत, गणपती आणि शिमगा सोडून, बंधारा घालायच्या दिवसांत, भर पावसात. ज्यांना येणं जमत नाही त्यांनी किल्ली सांभाळणाऱ्या बाईला तिच्या कामाचे पैसे द्यावेत, आणि ते बक्षीस म्हणून न देता मजुरी म्हणून द्यावेत. मंडळाच्या कार्यकारिणीत गावात राहणाऱ्या निम्म्या बायका असाव्यात आणि बैठक वर्षातून एकदा तरी त्यांच्या अंगणात व्हावी.

आणि घर. ज्या घरासाठी ती जन्मभर राबली, त्या घराच्या उताऱ्यावर तिचं नाव आहे का, हे प्रत्येकीनं बघून घ्यावं. सातबाऱ्यावर चुलत-चुलत मिळून पंचवीस नावं असतात आणि तिचं नाव असलंच तर ‘इतर हक्कात’. २००७ च्या कायद्यानं म्हाताऱ्या आई-वडिलांना मुलांकडून पोटगी मागता येते, प्रांताकडे अर्ज करता येतो, हे किती जणींना ठाऊक आहे? पण पोटगी मागायची वेळ येण्याआधी नाव लागणं बरं.

गावं म्हातारी होताहेत आणि हे थांबवणं आपल्या एकट्यांच्या हातात नाही. पण आज ती ज्यांच्या जिवावर उभी आहेत त्या बायका अजून दहा वर्षांनी ऐंशीच्या पुढं असतील. गोळ्यांना रंगीत दोरे बांधणाऱ्या आत्यांसाठी तेव्हा दोरे कोण बांधणार, या प्रश्नाचं उत्तर आज कुठल्याही मंडळाकडे, कुठल्याही कचेरीत नाही. ते शोधायचं तर या बायका हिंडत्या-फिरत्या आहेत, बोलत्या आहेत, तोवरच शोधायला हवं, आणि त्यांना विचारूनच.

तुमच्या गावात ही यादी करा. किती कामं निघाली, कोण करतं, काय ठरलं, काय हाणून पाडलं गेलं, ते आम्हाला कळवा. पोस्टकार्डावरच्या चार ओळीही चालतील. दुसऱ्याकडून लिहवून घेतलेलं पत्रही चालेल. फक्त खाली सांगणारीचं नाव असू द्या. पुढच्या अंकातली काही पानं आम्ही त्यासाठीच राखून ठेवली आहेत.